संगणकाला चंदनाची उटी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सोलापुरात गुरप्पाच्या दुकानात माझे सुटे भाग जुळवले गेले आणि होटगीच्या जोतीरामने मला घरी आणून देवघराशेजारी बसवले. आल्या दिवशीच मला हळदकुंकू लागले. पुढे अकरा वर्षे गावोगावच्या कीर्तनकारांचे बोल मी साठवत गेलो. "याच्या पोटात अख्खा सप्ताह मावतो की," असे लोक कौतुकाने म्हणत.

माझ्याजवळ नव्हता तो फक्त घरातलाच आवाज. जोतीरामचे वडील ज्ञानबाआण्णा स्वतः कीर्तनकार; पण ते म्हणत, "कीर्तन समोर बसून ऐकायचं असतं रं. डब्यात काय भरतूस?"

यंदा चैत्रात त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत आवाज जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कुठे आण्णा आपले कीर्तन माझ्यात भरून घ्यायला कबूल झाले. सोमवारी दवाखाना, म्हणून रविवारी दुपारी शेवटचे कीर्तन ठरले.

नेमका तेव्हाच मी तापून बंद पडू लागलो. माझा प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट असते. ती आतली उष्णता बाहेर पोचवते. माझी पेस्ट वाळून गेली होती. जोतीराम गुरप्पाकडे धावला. गुरप्पाने करड्या पेस्टची नळी पुढे केली.

"हीच घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढी लावा, बास."

"यात चरबी-बिरबी न्हाय की? कीर्तन भरायचंय त्यात."

"मला काय ठावं काका, मी काय चाखून बघितली न्हाय!"

गुरप्पा हसला. जोतीराम मात्र नळी तिथेच ठेवून परतला. घरी त्याने सहाणेवर चंदन उगाळले. "उन्हाळ्यात देवाला उटी लावतो, मग याला गार वाटणार न्हाय व्हय?" असे पुटपुटत त्याने माझ्या प्रोसेसरवर चंदन लावले. किती मायेने लावले, मित्रांनो! मला बोलता येत असते तर त्याचा हात धरला असता.

रविवारी आण्णा माझ्या माईकपुढे उभे राहिले. निरूपण असे रंगले की जोतीरामने डोळे मिटले ते मिटलेच. इकडे चंदन वाळले, तडकले. उष्णतेला वाट मिळेना. माझा पंखा किंचाळत होता, पण मृदंगापुढे त्याचे कोण ऐकणार? मी जमेल तेवढे सोसले. आण्णांनी देवापुढे हात जोडून शेवटचे मागणे गायला घेतले आणि माझ्यापुढे अंधार झाला.

जोतीरामने मला पुन्हा चालू केले. कीर्तन संपल्यावर ते जतन व्हायचे, त्याआधीच मी बंद पडलो होतो; दीड तासातला एक शब्दही राहिला नव्हता.

"आण्णा, एकच अभंग... पुन्यांदा..."

"घसा फाटला रं लेकरा," आण्णा कुजबुजले. "तू ऐकलंस न्हवं? झालं तर मग."

पन्नाशीच्या त्या माणसाने टेबलावर डोके टेकून हंबरडा फोडला.

नंतर गुरप्पाने येऊन चंदन खरवडले आणि तीच करडी पेस्ट दाण्याएवढी लावली. आता मी दिवसभर गार असतो. काय उपयोग?

मित्रांनो, आमची सेवा जरूर करा. पण आम्हाला काय लागते, ते आधी जाणकाराला विचारा.

परवा आण्णा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचे ओठ हलू लागले. जोतीरामने घाईघाईने माईक त्यांच्याजवळ धरला. शस्त्रक्रियेत गळ्याला पाडलेल्या छिद्रातून येणारा श्वास तेवढा माझ्यात उतरला. जोतीरामने तो जपून ठेवला आणि त्याला आण्णांचे नाव दिले.