नवसाची वेणी

मित्रांनो, मी केस कापायची एक जुनी मशीन आहे. माझा एक दात तुटलाय आणि मोटर मधूनच आचके देते. मेक्सिकोतल्या एका सरकारी दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डात माझी हयात गेली. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या न्हाव्याच्या दुकानात गप्पा ऐकत मजेत राहू. कसचं काय! पण कामाचा मला अभिमान होता. जखमेभोवतीचे केस खपल्यांत अडकतात, त्यांची मुळं पू धरतात. ते केस मी काढायची. नर्स तोमासाबाई मला औषधानं पुसता पुसता म्हणायच्या, "माझी म्हातारी कुणाला ओरखडा काढत नाही हो." मी सुखावायची.

एका सकाळी अकरा वर्षांची अंपारो आली. तिच्या गावात घरोघरी शोभेची दारू बनते. अंगणात फटाके भरताना डावीकडून भडका उडाला, आणि तिचा कान अन् त्यामागचं डोकं भाजलं. उजव्या खांद्यावर घेतलेली लांब वेणी तेवढी वाचली.

डॉक्टर म्हणाले, "सगळं डोकं भादरा."

तिची आई होविता पलंगापुढे आडवी आली. "केसांना हात लावायचा नाही! जन्मापासून कात्री लागू दिली नाही मी. डिसेंबरात मारियामातेच्या मूर्तीला केसांचा टोप करायला द्यायचेत. नवस आहे!"

"अहो बाई, जखम चिघळेल."

"वेणी वाचवली कुणी? मातेनंच ना? तिचं तिला द्यायचं नाही होय?"

तोमासाबाईही तशाच गावच्या. त्यांच्या लहानपणीचे केसही असेच मूर्तीच्या डोक्यावर चढले होते. त्यांचा हात थबकला. जखमेभोवती बोटभर केस काढून त्यांनी बाकीचे वर बांधून पट्टीखाली झाकून टाकले. डॉक्टरांनी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "झालं."

डॉक्टरांनी तिच्याच मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. पाचव्या दिवशी केसांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या दिसल्या, मग त्या पिवळ्या झाल्या. घामट पट्टीखाली पू एका मुळातून दुसऱ्या मुळात सरकत गेला. लावलेली कातडी लिबलिबीत होऊन सुटली. पोरगी तापानं फणफणली. पट्टी बदलताना ओरडायची, "बाई, हळू ना गं!" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी होविताच म्हणाली, "काढा एकदाचे."

मी घरघरत फिरले. तोमासाबाई रडत होत्या. वेणी खाली पडली, पुवानं बरबटलेली.

"धुऊन देते मी," होविता म्हणाली. "दहा पाण्यांनी धुते. चालेल ना मातेला?"

तोमासाबाईंना मान वर करवेना. "नाही गं बाई. जाळावी लागेल ती."

दुसऱ्यांदा लावलेली कातडी धरली. अंपारो वाचली. पण डाव्या बाजूची मुळं कायमची मेली होती, तिथं आता केस उगवणार नाहीत, हे डॉक्टरांनी होविताला बाहेर नेऊन सांगितलं.

ती आत आली तेव्हा पोर डोकं चाचपत होती. "आई, पुन्हा वाढवू ना? उशिरा दिले तर माता रागावणार नाही ना?"

"वाढव गं माझे बाई," होविता म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी भाजलं आणि माझ्यासारखी एखादी घरघरत आली, तर तिला अडवू नका. आणि जिच्या हातात ती असेल तिला सांगा, कीव करत बसू नकोस बाई, नीट काप.