बासरीतली शिंक

"डावा गुडघा. तीन आठवडे झाले. जिन्याच्या पायरीवरून पाय घसरला होता. बरोबर?"

टीव्हीच्या मोठ्या पडद्यावरच्या डॉक्टरांनी हे सगळं डोळे मिटून सांगितलं आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमलेल्या तीस-पस्तीस माणसांनी तोंडात बोटं घातली. ज्यांचा तो गुडघा होता त्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना तर रडूच फुटलं. "अहो, मी अजून एक शब्द बोलले नाही हो यांच्याशी!"

"बोलायची गरजच नाही, ताई," पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले. "विचारत बसतो तो शिकाऊ. आम्ही ओळखतो. तुमच्या अंगठ्यातून तुमची नाडी काचेत उतरते, काचेतून लहरींत, लहरींतून थेट माझ्या भुवयांच्या मध्ये. पुढचे सभासद!"

गेले तीन आठवडे हा प्रकार चालू होता. चौकातले जुने डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले आणि इमारतीतली बावीस कुटुंबं एका दिवसात पोरकी झाली. नवा डॉक्टर शोधायचा म्हणजे काय असतं, हे या माणसांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. एका दवाखान्यात नवे पेशंट घेणं बंद. दुसऱ्यात दोन महिन्यांनंतरची तारीख, म्हणजे तोवर खोकला एक तर बरा झालेला किंवा जुना झालेला. तिसऱ्या ठिकाणी फोनवर एक गोड आवाज सांगायचा, "आपण रांगेत सतरावे आहात," आणि पंधरावे होईपर्यंत फोन कट व्हायचा. सगळे असे टेकीला आलेले असताना सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर एक रंगीत कागद लावला. 'नाडीदर्शन! पडद्यावरचा फॅमिली डॉक्टर. वार्षिक सभासदत्व. रांग नाही, सुई नाही, प्रश्न नाहीत.' आठवड्याभरात सगळी इमारत सभासद झाली.

पद्धत सोपी होती. हॉलमधल्या टेबलावर एक टॅब्लेट ठेवलेला, तो टीव्हीला जोडलेला. आजारी माणसानं समोर बसून काचेवर अंगठा टेकवायचा. पडद्यावर निळं वर्तुळ फिरायला लागायचं, त्याखाली अक्षरं यायची, 'आपली नाडी जुळवत आहोत', आणि बासरी वाजत राहायची. दहा मिनिटांनी डॉक्टर प्रकट व्हायचे.

आता ही माणसं दहा मिनिटं गप्प बसतील, ही गोष्ट अशक्य कोटीतली. जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर एक लांब बाक होता आणि त्या बाकावर सगळ्यांना एक सवय लागली होती. आत गेल्यावर ऐन वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून बाहेरच शेजारच्यापुढे आजाराची तालीम करून घ्यायची. कुठं दुखतं, कधीपासून, आदल्या दिवशी काय खाल्लं, नणंदेनं कोणता उपाय सुचवला. शेजारी मन लावून ऐकायचे आणि चुकाही सुधारायचे. "अहो, परवा तर तुम्ही उजवा खांदा म्हणाला होता!" बाक गेला, पण तालीम हॉलमध्ये जशीच्या तशी चालू राहिली.

या गर्दीत शेवटच्या खुर्चीवर बसून ऑपरेटरकाकू मात्र मनातून जळत होत्या. काकूंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून हजारो माणसांच्या लाइनी जोडल्या, तोडल्या, ताटकळत ठेवल्या. चमत्कार म्हटला की त्यांच्या कपाळावर आधी आठी चढायची. या चमत्कारावर तर त्यांचा दुहेरी राग होता, कारण त्यांचे यजमान त्याचे सगळ्यात मोठे भक्त झाले होते.

काकूंचे यजमान म्हणजे बाइंडरकाका. जाडजूड पुस्तकं शिवून, डिंक लावून, दाबयंत्रात घालून अशी पक्की करायचे की पान सुटायची बिशाद नसायची. माणूस कामाला चोख आणि स्वभावानं पहिल्या नंबरचा हट्टी. गेले काही महिने संध्याकाळी मोजे काढले की त्यांच्या घोट्यांवर खोल वळ उमटलेले दिसायचे. उशा एकाच्या तीन झाल्या होत्या. जिन्याच्या वळणावर थांबून ते पाणीपुरवठ्याची नोटीस वाचायचे, रोज तीच नोटीस. काकू विचारायच्या, काका म्हणायचे, "गॅस आहे गं." आणि हॉलमध्ये शेजाऱ्यांनाही तेच सांगत काका पहिल्यांदा टॅब्लेटपुढे बसले, त्या दिवशी पडद्यावरच्या डॉक्टरांनीही डोळे मिटून सांगितलं, "वायू! छातीपर्यंत चढलाय." वर हुकूम सोडला की जुन्या डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी ताबडतोब बंद आणि सभासदांसाठीचे खास थेंब सुरू.

"नऊ दिवस झाले गोळी बंद करून," काकू घरी म्हणाल्या. "अहो, मला भीती वाटते. एकदा खऱ्या डॉक्टरला दाखवू या."

"खऱ्या म्हणजे? हा काय खोटा आहे?" काका चिडले. "अगं, त्यानं न सांगता ओळखलं! जुना डॉक्टर वीस वर्षांत एकदा तरी न विचारता काही बोलला का? सारखं आपलं जीभ दाखवा, श्वास घ्या, काय होतंय सांगा. सगळं आम्हीच सांगायचं, तर त्याला फी कशाची?"

काकूंना बोलावंसं खूप वाटत होतं, पण हातात पुरावा नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी दुपारी मिळाला.

कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी दाढ सुजवून आले होते. गाल एवढा वर आलेला की तोंड उघडत नव्हतं. हॉलमध्ये त्यांच्याशिवाय फक्त काकू होत्या, मासिक चाळत बसलेल्या. शिंप्यांनी अंगठा टेकवला. दहा मिनिटं दोघंही गप्प. बासरी वाजत होती, आणि तेवढ्यात त्या बासरीत कुणीतरी शिंकलं.

काकूंनी मासिक खाली ठेवलं. शिंक्या बासरीची रेकॉर्ड त्यांनी अजून ऐकलेली नव्हती.

मग डॉक्टर प्रकट झाले. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "पोट?" शिंप्यांनी मान हलवली. "पाठ? नाही? हं. तुमची नाडी फार लाजरी आहे. उद्या या, जरा चारचौघांना बरोबर घेऊन या." टॅब्लेटच्या कॅमेऱ्यात सुजलेला गाल स्वच्छ दिसत होता, पण डोळे मिटून बघणाऱ्याला तो दिसणार कसा?

काकूंचं डोकं लख्ख झालं. एक्स्चेंजमधली पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट त्यांना सांगायला कुठलं पुस्तक नको होतं. ताटकळत ठेवलेली लाइन बंद नसते. संगीत ऐकू येतं ते ग्राहकाला, पण पलीकडे बसलेल्याला या बाजूचं सगळं ऐकू येऊ शकतं.

घरी येऊन त्यांनी काकांपुढे कोरा कागद ठेवला. "लिहा. मला सध्या कोणता त्रास आहे?"

"तुला? उजव्या पायाच्या करंगळीला कुरूप. दुसरं काय धाड भरलीय!"

"बरं. आणि माझं अपेंडिक्स?"

"ते बावीस वर्षांपूर्वीच काढलं. मी बाहेरच बसलो होतो ना. डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवलंसुद्धा. पण हे कशाला?"

"कागद खिशात ठेवा. उद्या कळेल. आणि तुमच्या त्या डॉक्टरनं ओळखलं, तर मी जन्मात चकार शब्द काढणार नाही." ही अट ऐकून काकांनी कागद तत्परतेनं खिशात घातला.

रविवारी सकाळी हॉल भरलेला होता. "आज टॅब्लेटवर मी बसते, जन्मभर तेच तर केलंय," काकू म्हणाल्या, आणि सेक्रेटरींनी आनंदानं टेबलामागची खुर्ची दिली, कारण पहिला नंबर सेक्रेटरींचाच होता. सेक्रेटरींनी अंगठा टेकवला, बासरी सुरू झाली, आणि काकूंनी टॅब्लेटच्या कोपऱ्यातल्या माइकच्या चिन्हावर हळूच बोट ठेवलं. चिन्हावर आडवी रेघ आली. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे सेक्रेटरींच्या मूळव्याधीकडे लक्ष देऊन होते, कारण सेक्रेटरी ती खणखणीत आवाजात, तारीखवार सांगत होते.

निळं वर्तुळ थांबायच्या बेतात आल्यावर काकूंनी रेघ काढली. डॉक्टर प्रकट झाले, पण चेहरा उतरलेला. "घसा," ते म्हणाले. "घशाच्या मागे... मान. मानेतून डोकं. चिंता! तुम्हाला कसली तरी चिंता आहे."

"अहो, असं काय करता!" सेक्रेटरी खुर्चीतून उठले. "मी तर एवढं मोठ्यानं सांगितलं होतं!"

हॉलमध्ये दोन-तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "आज लहरी ढगाळ आहेत," डॉक्टर घाईनं म्हणाले. "पुढचे सभासद!"

पुढच्या सभासद काकू स्वतःच होत्या. या वेळी माइकवर रेघ नव्हती. बासरीच्या पहिल्या सुरापासून त्यांनी तालीम सुरू केली. "काय सांगू वहिनी, सोमवारपासून पोटात उजवीकडे खालच्या बाजूला अशी कळ येते! माझी बहीण म्हणाली अपेंडिक्सच असणार. ताप पण आहे बारीक." वहिनी हळहळल्या, कुणी गरम पाण्याची पिशवी सुचवली. पहिल्या रांगेत काका डोळे विस्फारून बायकोकडे बघत राहिले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण जमत होतं झकास.

डॉक्टर आले ते एकदम ताजेतवाने. डोळे मिटायलाही त्यांनी फार वेळ घेतला नाही. "सोमवार! पोटाचा उजवा भाग, खाली. अपेंडिक्स! मला दिसतंय, लाल झालंय, टोकाला सुजलंय. बारीक ताप. खरं की नाही, ताई?"

हॉलमध्ये पुन्हा सुस्कारे सुटले. काका मात्र उभे राहिले. खिशातून कागद काढला, उलगडला, आणि एक शब्द न वाचता तसाच घडी घालून परत ठेवला.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "ते अपेंडिक्स मी बावीस वर्षांपूर्वी बाटलीत बघितलंय."

डॉक्टर म्हणाले, "अवयव काढला तरी त्याची छाया शरीरात राहते. ती छाया सुजली आहे."

"छायेला तापही आलाय का?" काकूंनी विचारलं. "असू दे. आता सगळ्यांनी इकडे बघा." त्यांनी माइकच्या चिन्हावर बोट ठेवलं, रेघ आली, बोट उचलून पुन्हा ठेवलं, रेघ गेली. "हे चालू असलं की आपण दहा मिनिटं जे बोलतो ते साहेब पलीकडे बसून ऐकतात. मघाशी सेक्रेटरींच्या वेळी मी हे बंद केलं होतं, म्हणून मूळव्याध घशात गेली. शिंपीदादा एकटे होते, बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांची नाडी लाजली. यांना अंगठा नको, नाडी नको. यांना फक्त आपल्या गप्पा हव्यात, आणि त्या आपण यांना रोज रतीब घातल्यासारख्या पुरवतो!"

डॉक्टरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. सेक्रेटरींनी पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला. संध्याकाळ झाली तेव्हा तो नंबर अस्तित्वातच उरला नव्हता.

त्याच दुपारी काकूंनी डॉक्टरचा शोध नव्यानं सुरू केला. या खेपेला त्यांनी एक सेवा निवडली, तीही पडद्यावरची आणि सभासदत्वाचीच. मात्र आधी डॉक्टरबाईंचा नोंदणी क्रमांक मागून घेतला आणि वैद्यकीय परिषदेच्या यादीत ताडून पाहिला. सोमवारी सकाळी बाई पडद्यावर आल्या आणि विचारायलाच लागल्या. कोणती गोळी, किती वर्षं, कधी बंद केली, का बंद केली, पायाला सूज आहे का, झोपताना उशा किती.

"हिला काहीच येत नाही वाटतं," काका काकूंच्या कानात कुजबुजले. "सगळं आपल्यालाच विचारतेय."

"काका, दम कधीपासून लागतो?" बाईंनी विचारलं.

"दम? छे. गॅस आहे."

बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. काकूही थांबल्या. त्या शांततेत काकांचा हट्ट हळूहळू ढासळला. "चार महिने," ते म्हणाले. "जिना एका दमात चढवत नाही. आडवं पडलं की जीव घाबरा होतो. हिला सांगितलं नाही. घाबरली असती."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते काकांच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं.

"हे पडद्यावर होणारं काम नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता, लगेच माझ्या दवाखान्यात या." दवाखान्यात त्यांनी काकांच्या नडगीवर अंगठ्यानं दाबलं, तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. छातीला नळी लावली, हृदयाचा आलेख काढला. हृदय थकलं होतं, पाणी साचत होतं. वेळेवर आलात, असं त्या म्हणाल्या. रक्तदाबाचं औषध नव्यानं सुरू झालं आणि त्याच्या जोडीला आणखी दोन.

पुढच्या रविवारी सभासदत्वाचे पैसे परत कसे मिळवायचे यावर हॉलमध्ये सभा भरली. सगळे तावातावानं बोलून दमल्यावर बाइंडरकाका सावकाश उभे राहिले.

"मी त्याला गॅस सांगितला, त्यानं मला गॅस परत दिला," ते म्हणाले. "दम लागतो हे मी कुणापाशी बोललो नव्हतो, म्हणून त्या मनकवड्याला ते कळलं नाही. एवढंच त्याचं ज्ञान. आता तुम्हाला हात जोडून सांगतो. डॉक्टर पडद्यावरचा घ्या नाहीतर खुर्चीतला, पण आधी त्याची नोंदणी बघा. तो प्रश्न विचारतो का बघा. हात लावून तपासायची वेळ आली की बोलावतो का बघा. चालू गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर सोडू नका. आणि तो विचारेल तेव्हा लाज न बाळगता खरं सांगा."

ते खुर्चीत बसले, थोडा श्वास घेतला, आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे न बघता म्हणाले, "मी आणखी महिनाभर गॅसच सांगत राहिलो असतो, तर आज या सभेला ही एकटी आली असती."