प्यो सरांना रविवारपर्यंत हवं असलेलं पुस्तक

माझ्या दुकानात गेली तीस वर्षं फक्त डोंगराची पुस्तकं मिळतात. नकाशे, दोराच्या गाठी, कडे चढायचे धडे, बर्फात अडकून परत आलेल्यांच्या आठवणी. दुकान उइ-दोंग वस्तीच्या शेवटच्या बसथांब्याला लागून आहे. दारातून इन्सुबोंगचा उघडाबोडका कडा दिसतो आणि तो चढायला निघालेली माणसं माझा सल्ला घेऊन जातात. मी स्वतः त्या कड्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वयही मी सहा वर्षांनी कमीच सांगते. कुणाच्या बापाचं काय जातं?

मंगळवारी प्यो सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकोणसत्तर. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मालकीणबाई, रविवारपर्यंत कडा चढायला शिकवेल असं पुस्तक हवंय. प्रत्येक धड्याखाली प्रश्न असले तर उत्तम."

"कुठला कडा?"

त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग सगळं बाहेर पडलं. वसंतात सर एका गिर्यारोहण क्लबात गेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी रीतीप्रमाणे जन्मसाल विचारलं (आमच्याकडे बारा सालांना बारा प्राण्यांची नावं असतात), आणि सर सगळ्यांत मोठे निघाले, तेही अकरा वर्षांनी. झालं. लोक कमरेत वाकले, वरची जागा त्यांना, दारूचा पहिला पेला दोन्ही हातांनी त्यांना. त्यात सरांच्या कमरेला वारलेल्या भावाचा दोर बांधायचा पट्टा, घासून घासून पांढरा पडलेला. बघणाऱ्यांना वाटलं, माणूस चांगला मुरलेला आहे. वडीलधाऱ्याला "तुम्हाला येतं का हो?" असं विचारायची आमच्यात सोय नाही. आणि "मला येत नाही" म्हणायची सरांना सवय नाही. चार महिने ते हात पाठीमागे बांधून पायथ्याशी उभे राहायचे, वर बघून "हं, डावा पाय" म्हणायचे, आणि वरचा मुकाट्याने डावा पाय उचलायचा. आता रविवारी क्लबाला वीस वर्षं होणार होती. त्या दिवशी थोरल्याने दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढायचं ठरलं होतं.

"पुढे जाणाऱ्याला वरून कुणी धरलेलं नसतं," मी म्हणाले. "पडलात तर कपाळमोक्ष."

"म्हणून तर पुस्तक मागतोय."

"खरं सांगून मोकळे व्हा की."

"चाळीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मला आधी संताप आला आणि मग कीव आली. मी एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. त्यांनी प्रस्तावना वाचली आणि परत ठेवलं. "यात दोन वर्षं लागतील असं लिहिलंय." मग गाठींचं दिलं, ते घेतलं. तिसरं होतं मुलांसाठीचं, चित्रांचं. ते त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाले, "याला कव्हर घालून द्या, खाकी."

तेवढ्यात मला वरच्या फळीवरचं एक पुस्तक दिसलं, डोंगरातली साहसी छायाचित्रं कशी काढावीत याचं.

"हे घ्या. रविवारी म्हणायचं, वीस वर्षांची आठवण राहायला हवी, फोटो मी काढतो. फोटो काढणारा चढत बसत नाही. तो खाली उभा राहतो."

सरांच्या जिवात जीव आला. मी ते पुस्तक आयुष्यात उघडलेलं नव्हतं.

रविवार म्हणजे माझा धंद्याचा दिवस. पण चैन पडेना. दुकान बंद केलं आणि धापा टाकत कड्याच्या पायथ्याशी गेले. क्लबाची बारा माणसं जमली होती. सर गळ्यात कॅमेरा घालून उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि प्रार्थनेच्या मैदानावरच्या आवाजात ठरलेलं वाक्य म्हटलं.

क्लबाचा प्रमुख जिन बोंग-सू गहिवरलाच. "दादा, काय बोललात. वीस वर्षं आमचे फोटो खालून काढलेत, नुसती ढुंगणं दिसतात. तुम्ही आधी वर जा, दोराला लटका आणि आमचे चेहरे काढा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी कमरेला दोर बांधला, गाठ अगदी पुस्तकातल्यासारखी, आणि कातळावर हात ठेवला. हा माणूस लाजेपायी जिवानिशी जाणार होता, आणि त्याला वर पाठवणारी मी होते.

"थांबा," मी म्हणाले. "सर, तुमचं जन्मसाल कुठल्या प्राण्याचं?"

"मेंढीचं."

"माझं ड्रॅगनचं. तीन वर्षांनी मोठी आहे मी. इथे थोरली मी आहे आणि मी असताना तुम्ही पुढे जायचं नाही. बसा खाली."

बारा माणसं माझ्याकडे बघत राहिली. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. मग सगळे कमरेत वाकले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात जिन बोंग-सूने दोराचं टोक सोडवलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"ताई, मग आपणच."

अगं बाई, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दोर घेतला. दुसरं काय करणार? काठी धरावी तसा तो मुठीत धरून मी कातळाकडे वळले.

"त्यांना येत नाही," सर म्हणाले. "दोर कसा धरलाय बघा. लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा असा नाही धरत." ते उठून उभे राहिले. "आणि मलाही येत नाही. कधीच येत नव्हतं. पट्टा माझ्या भावाचा आहे."

चार महिने स्वतःचा जीव वाचवायला जे तोंड उघडलं नाही, ते त्यांनी माझ्यासाठी बारा माणसांपुढे उघडलं. माझे डोळे भरून आले. मी पुसलेही नाहीत.

कुणी हसलं नाही. जिन बोंग-सू डोकं धरून दगडावर बसला, मग उठला, वर गेला आणि वरच्या कडीतून दोर ओवून दोन्ही टोकं खाली सोडून आला. क्लबातली सगळ्यांत लहान सोल-बी पुढे झाली, वय चोवीस. तिने सरांच्या गळ्यातला कॅमेरा काढला, पट्टा आवळला, दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतः धरलं.

"आजोबा, आता मी सांगेन तसंच करायचं."

मुख्याध्यापक त्या पोरीपुढे वाकले, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बाईंपुढे वाकतात तसे. "हो, बाई."

अर्ध्या तासात ते कपाटाच्या उंचीइतके चढले आणि तिथेच कातळाला मिठी मारून थांबले. वरून आवाज आला, इतका बारीक की मी ओळखला नाही.

"बाई, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," सोल-बी म्हणाली. "मी धरलंय."