चार नंबरची माळ

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. सिस्टरांनी स्वतःच्या वडिलांचा हात म्हणे मोठ्या युक्तीने बरा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मान खाली घालून गप्प बसले. पंचवीस वर्षं गप्पच बसले आहे. ती युक्ती नव्हती, घोडचूक होती. आता माझं कोण काय वाकडं करणार, म्हणून सांगून टाकते.

तेव्हा आमचा वॉर्ड आठ खाटांचा होता. अर्धांगवायूचे, हाडं मोडलेले, पुन्हा चालायला शिकणारे पेशंट. उंच खिडक्या, फिनेलचा वास, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या उशाखाली जपाची माळ. कुणाची लाकडी, कुणाची काचेची. देव वेगवेगळे, उशा मात्र सारख्याच मळक्या. माळा चादरींबरोबर धुलाईला जायच्या आणि मग रडारड. म्हणून मी शिस्त लावली. प्रत्येक खाटेच्या उजव्या हाताला भिंतीत हुक, हुकावर नंबर, माळेला नंबराची चिठ्ठी. शनिवारी सगळ्या माळा साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि नंबराप्रमाणे टांगायच्या. माझा देवावर विश्वास नव्हता, नंबरावर होता.

तीन नंबरला माझेच बाबा होते. घड्याळं दुरुस्त करायचे. झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हात गेला म्हणजे आपणच गेलो, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. व्यायामाचं नाव काढू देत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवड्यांत बोटं हलली नाहीत तर कायमची आखडतील." मी विनवलं, ओरडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी. आत्याने त्यांची एकशे आठ मण्यांची काळी माळ आणून हुकाला अडकवली. आई गेल्यापासून ती कपाटात पडली होती. बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबांनी दोघांशी बोलणं टाकलं होतं. एक देव, दुसरे बेकरीवाले काका. काका आमचे शेजारी, दोन घरांत एकच भिंत. त्यांचा धर्म वेगळा. रात्रभर भट्टीपाशी राबून ते पहाटे आडवे व्हायचे आणि नेमके तेव्हाच बाबा खड्या आवाजात प्रार्थना सुरू करायचे. काकांनी भिंत बडवली, बाबांनी आवाज चढवला. भांडण होतं झोपेचं, पण गल्लीतल्या शहाण्यांनी ते देवाचं करून टाकलं. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली. पुढे आई गेली, बाबांची प्रार्थना थांबली, अबोला मात्र चालूच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. नऊ वर्षं झाली होती.

आणि नशिबाची थट्टा बघा. काका खुब्याचं हाड मोडून आले तेव्हा रिकामी खाट एकच होती, चार नंबरची. दोघं दोन दिशांना तोंडं करून पडायचे.

एका शुक्रवारी वॉर्डला रंग दिला. खाटा व्हरांड्यात गेल्या आणि परत आणताना तीनची खाट चारच्या जागी लागली, चारची तीनच्या. औषधांचे कागद खाटेलाच बांधलेले, म्हणून औषधं चुकली नाहीत. शनिवारी मी माळा धुतल्या आणि खाटेवर कोण आहे हे न बघता हुकांच्या नंबराप्रमाणे टांगून मोकळी झाले. काकांची पिवळी माळ लागली बाबांच्या उशाशी.

दुपारी काकांची जपाची वेळ झाली. छताकडे बघत ते म्हणाले, "माझी माळ कुणी देता का?" वॉर्ड पेंगत होता. मी कोपऱ्यात गोळ्या मोजत होते. मान वर केली आणि चूक कळली. उठणार, तेवढ्यात दिसलं की बाबा त्या माळेकडे बघताहेत. मी बसूनच राहिले.

"अहो घड्याळवाले," काका म्हणाले. नऊ वर्षांतला पहिला शब्द. "तेवढी माळ द्या. मला उठता येत नाही हो."

"मला तरी कुठे येतंय?"

हुक उजवीकडे. डावा हात तिथवर पोचेना. बाबांनी दोनदा धडपड केली, एक शिवी हासडली, आणि मग त्यांचा उजवा खांदा हलला. कोपर उचललं गेलं, पडलं, पुन्हा उचललं गेलं. मी तोंडात रुमाल कोंबला होता. शेवटी त्या बोटांत माळ अडकली आणि छातीवर येऊन पडली.

पण ती लगेच देतील तर ते बाबा कसले! अंगठ्याने एकेक मणी ढकलत राहिले.

"किती मणी हवेत हो यात?"

"तेहतीस."

"बत्तीस आहेत."

"काहीतरीच! रोज जपतो मी."

"मग रोज देवाला एक कमी पडतोय. तुमचं घड्याळ मागे चाललंय."

काकांनी पहिल्यांदाच बाबांकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुमचा आवाज बंद झाला तेव्हापासून माझं जपात लक्षच लागत नाही. आधी त्या आवाजाने झोप मोडायची, नंतर त्याच्यावाचून येईना. वहिनी गेल्या तेव्हा यायचं होतं मला. पायरीपर्यंत आलो होतो."

बाबा उताणे पडले होते. डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं. संध्याकाळी मला म्हणाले, "माझी माळ आण. आणि कात्री."

त्यांनी स्वतःच्या माळेतला एक काळा मणी काढला आणि काकांच्या माळेत ओवला. उजव्या हाताने, हट्टाने. चार दिवस लागले. मणी शंभरदा खाटेखाली गेला आणि शंभरदा मी रांगत जाऊन आणला. डॉक्टरांनी विचारलं, "हा कुठला व्यायाम?" मी म्हटलं, "नवी पद्धत आहे." चक्क थाप मारली.

"आता तुमचे एकशे सात राहिले," काका म्हणाले.

"एक तुमच्याकडे आहे ना? तो तुम्ही जपा."

"मी माझ्या पद्धतीने जपेन हं."

"जपा की. झाला म्हणजे सांगा फक्त."

बाबा चालत घरी आले. बारीक घड्याळं पुन्हा जमली नाहीत, भिंतीवरची जमायची. रोज पहाटे ते हळू आवाजात एकशे सात मणी जपायचे आणि थांबायचे. पलीकडे काका काळ्या मण्यावर आले की भिंतीवर एकदा टक् करायचे. "झाले एकशे आठ," बाबा म्हणायचे आणि चष्मा चढवून कामाला बसायचे. भांडणारेच एक झाले म्हटल्यावर गल्लीतल्या शहाण्यांची पंचाईत झाली. हळूहळू पायऱ्याही चढल्या जाऊ लागल्या. अशी चौदा वर्षं चालली. त्या पहाटांची मला फार आठवण येते.

बाबांना निरोप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या खुर्चीत बसले. माळ हातात घेतली. देवाचं नाव काही तोंडात येईना, म्हणून नुसते आकडे मोजले. एकशे सातवर थांबले आणि भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे काही हालचाल नव्हती. काका तरी आता कुणासाठी वाजवतील, असं वाटलं.

मग टक् झालं. नेहमीपेक्षा हळू.

"झाले, काका," मी भिंतीला म्हटलं. "झाले एकशे आठ." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडले.