न वाचलेला पारा

पेटीचं दार उघडून पारेवाले आत वाकले आणि त्यांनी श्वास रोखून धरला. श्वासाची वाफ काचेवर बसली की पुढची दोन मिनिटं काही दिसत नाही, हे तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या अंगात मुरलं होतं. आज श्वास रोखूनही उपयोग नव्हता. टॉर्चच्या उजेडात काचेची नळी दिसत होती, कडेचे आकडेही डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुसट दिसत होते. पण सरळ पाहायला जावं, तर नेमकं जिथं पाहायचं तिथंच एक राखाडी डाग येऊन बसत होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं. भिंगानं आकडे मोठे झाले, पण डाग तिथंच राहिला.

काल पाच होतं, परवा सहा. झाडांची पानं आत्ता कुठं पिवळी पडायला लागली होती. इतक्या लवकर पारा दोनच्या खाली उतरला, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. नाकाच्या शेंड्याला झोंबत होतं खरं, पण वय झालं की सगळंच झोंबतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पेटी बंद करून ते घरात आले, फोन उचलला आणि रस्ते विभागाच्या कचेरीतल्या कारकुनाला आकडा सांगितला. चार.

कालचे पाचही पुरते वाचलेले नव्हते. पण ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

त्यांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपुस्तकातच उरलं होतं. बाकी सगळ्या डोंगरात त्यांना पारेवाले म्हणत. घरामागच्या गवतात चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, तिच्यातला तापमापक, शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं, एवढा त्यांचा संसार. रोज सकाळी साडेसहाला रात्रीचा सर्वांत खालचा आकडा खाली कळवायचा. आकडा दोन किंवा त्याहून कमी आला, तर वाळूची गाडी आधी वर यायची, घाटरस्त्यावर वाळू टाकायची आणि मगच शाळेची बस सुटायची. आकडा वर असला, तर बस सात दहाला आपली निघायची. लग्नाच्या तारखा, लाकडं फोडणं, बटाटे काढणं, सगळं लोक त्यांना विचारून ठरवायचे. कुणी थट्टेनं म्हणायचं, पारेवाल्यांना शिंक आली तरी खाली दुकानात लोकरीचे भाव वाढतात. या थट्टेवर ते खूश असायचे.

उन्हाळ्यात पहिल्यांदा डाग दिसला, तेव्हा ते खालच्या गावच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आले. डॉक्टरनं सांगितलं, हा डाग जाणार नाही, वाढेल. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, की दाताला ठणका होता म्हणून गेलो होतो.

सातला दहा कमी असताना बायको मागच्या दारानं आत आली. रात्री बाहेर दोरीवर राहिलेलं ओलं फडकं तिनं आणलं होतं. तिनं ते त्यांच्या हातात दिलं. फडकं पत्र्यासारखं ताठ होतं. त्यांनी ते दाबलं, तेव्हा बारीक कुरकुर आवाज झाला.

"तुम्ही किती सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

  घाटरस्त्यावरचं सावलीचं वळण त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, आणि ते मात्र लख्ख, बारीकसारीक तपशिलासकट आलं. त्या वळणावर दहा वाजेपर्यंत ऊन पोचत नाही. वरच्या कड्यातून झरा पाझरतो आणि रस्ता बाराही महिने ओला असतो. बाहेरच्या अंगाला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, आणि कठड्याखाली नदीच्या पात्रापर्यंत काही नाही.

बस त्यांचा भाचा चालवायचा. ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून त्याला मिळवून दिली होती. वरच्या तीन वस्त्यांतली मिळून सतरा मुलं रोज त्या बसनं शाळेत जात. पारेवाल्यांनी भाच्याचा मोबाइल लावला. तो लागला नाही. वरच्या वस्त्यांत तो कधीच लागत नसे. मग त्यांनी कचेरीत फोन केला आणि वाळूची गाडी ताबडतोब पाठवा म्हणून सांगितलं. कारकून गोंधळला. गाडी खालच्या आगारात आहे, वर पोचायला पाऊण तास तरी लागेल, असं त्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, "पण काका, आत्ता तर तुम्हीच चार म्हणालात."

पारेवाल्यांनी फोन ठेवला. 

बस तिन्ही वस्त्यांना वळसा घालून सहा किलोमीटर फिरून त्या वळणावर येते. घरामागून उतरणारी पायवाट सरळ तिथंच निघते. तरणा माणूस पंधरा मिनिटांत उतरतो. त्यांनी कोट चढवला. बायकोनं शाल घेतली, चुलीतली राख एका पिशवीत भरली आणि त्यांच्या आधी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिला थांब म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पायवाटेवरच्या दगडी पायऱ्या आपल्याला एकट्याला उतरता येणार नाहीत, हे त्यांना कळत होतं, आणि तिला ते कसं कळलं हा विचार करायला वेळ नव्हता.

ती पुढं, ते मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून. गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. ती बोलत होती ती एवढंच : पायरी, दगड, डावीकडं, आता उतार. निम्मी वाट सरल्यावर त्यांना आणखी गप्प राहवेना.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते.

"ठाऊक आहे. चहा ओतताना कपात बोट घालून बघता तुम्ही. उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." ती दोन पायऱ्या उतरली, त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं, आणि मागं न बघता म्हणाली, "माझ्याकडून वाचून घेतलं असतंत तर काय कमी झालं असतं तुमचं?"

तेवढ्यात वरून बसचा आवाज आला. दरीच्या त्या अंगाला इंजिन गुरगुरलं आणि थांबलं. पहिली वस्ती. पारेवाल्यांचे कान तेवढे शाबूत होते, आणि त्या सकाळी ते बहिरे असते तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. दार उघडून लागल्याचा आवाज आला. गिअर बदलला. मुलांच्या हसण्याचा आवाज इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, तरी तो त्यांना येत होता. त्यांनी पाय उचलायची घाई केली आणि दोघंही पडता पडता वाचले. बायको म्हणाली, पडलात तर तुम्हालाच उचलत बसावं लागेल, बस कोण अडवणार? त्यांनी पुन्हा पाय जपून टाकायला सुरुवात केली. असं हळू चालणं त्यांना धावण्यापेक्षा कठीण गेलं. दुसरी वस्ती आली आणि गेली.

ते रस्त्यावर पोचले तेव्हा बस तिसऱ्या वस्तीवर थांबली होती. सावलीच्या वळणावर रस्ता काळा दिसत होता, नुसता ओला असावा तसा. बायको राखेची पिशवी घेऊन पुढं झाली आणि तिसऱ्याच पावलाला तिचे पाय तिच्याखालून निघून गेले. पारेवाल्यांना ती दिसेनाशी झाली. फक्त धप्प आवाज आला आणि मग तिचा श्वास, दातांतून ओढून घेतलेला. ते तिच्याकडं वळले.

"माझं राहू द्या," ती खालून म्हणाली. "मनगट गेलंय वाटतं, जीव नाही गेला. तुम्ही वर जा. वळणाच्या वर, बर्फ कमी असेल तिथं. कठड्याला धरून जा." मग तिनं धड हातानं शाल काढून त्यांच्याकडं सरकवली. शाल लाल होती. लाल त्यांना दिसत असे.

कठड्याच्या दगडांवर हात टेकवत ते चढ चढू लागले. दगड बोटांना चिकटत होते. कठड्यापलीकडून नदीचा आवाज खूप खालून येत होता. बस निघाली. आता उतार होता, मध्ये थांबा नव्हता. पन्नासेक पावलं मोजून ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी शाल डोक्यावर धरली.

समोर राखाडीच होतं सगळं. त्या राखाडीतून फक्त आवाज मोठा होत चालला. आपल्या अंगावरून बस जाईल याची भीती त्यांना वाटत नव्हती, असं ते पुढं कधी म्हणाले नाहीत. ती वाटत होतीच. पण तिच्याहून मोठी भीती ही होती, की आवाज आपल्याला चुकवून बाजूनं जाईल आणि मागं वळणावर पोचेल, आणि मग काय होतंय ते आपल्याला नुसतं ऐकू येईल. म्हणून हॉर्न वाजला तरी ते हलले नाहीत. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. ब्रेक लागले. रबर घासल्याचा आवाज आला, मग तो आवाजही बंद झाला आणि काही क्षण जड काहीतरी निःशब्द घसरत यावं तसं झालं. दगडाला लोखंड घासलं. काचा थरथरल्या. मग शांतता.

पारेवाल्यांनी एक हात पुढं केला. कोपर सरळ होण्याआधीच तळव्याला गरम पत्रा लागला.

भाचा दार उघडून उतरला तो ओरडायच्या तयारीनंच. "मामा, वेड लागलंय का तुम्हाला—" एवढं बोलला आणि पाय घसरून दाराला लोंबकळला. मग त्यानं खाली पाहिलं, वळणाकडं पाहिलं, वळणावर बसलेल्या मामीकडं पाहिलं.  बसमध्ये एक मूल रडायला लागलं आणि त्याचं ऐकून दुसरं.

"मोज," पारेवाले म्हणाले. "मुलं मोज."

भाच्यानं मोजली. सतरा. त्यांनी पुन्हा मोजायला लावली. मग ते रस्त्यावरच खाली बसले.

वाळूची गाडी आली तिच्याबरोबर रस्ते विभागाचे इंजिनिअरसाहेबही आले. भला माणूस होता. त्यांनी मुलांना चालवत पलीकडं नेलं, पारेवाल्यांच्या बायकोला आपल्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं आणि मग पारेवाल्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, की तो तापमापक फार जुना झालाय, बदलायला हवा हे आम्हीच लिहून ठेवलं होतं. उपकरण बिघडलं असं अहवालात टाकतो, तीस वर्षांच्या नोकरीला डाग नको. पारेवाले ऐकत होते. समोर साहेबांचा चेहरा असावा तिथं राखाडी डाग होता, त्याच्या कडेला टोपी आणि खांदे. मान हलवली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. मनगट मोडलेल्या बायकोखेरीज कुणाला कधी कळलं नसतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नसतं.

"उपकरण चांगलं आहे साहेब," ते म्हणाले. "मी वाचलंच नाही. अंदाजानं सांगितलं."

 साहेबांनी विचारलं, की हे आजच झालं की आधीपासून. पारेवाल्यांनी उन्हाळ्यापासूनचं सगळं सांगितलं, डॉक्टरसकट आणि दाताच्या ठणक्यासकट. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांचं पेन दोनदा थांबलं.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं येऊन पारेवाल्यांचे हात हातात घेतले, तुम्ही होतात म्हणून पोरं वाचली म्हणाला. पारेवाल्यांनी त्याला तिथंच थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं. म्हातारा मग फार वेळ बसला नाही. दुकानात एका मुलीची आई समोर आली. तिनं आपल्या पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि वाट देऊन उभी राहिली. भाचा मात्र रोज संध्याकाळी येत राहिला. मामीच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून तो पाणी भरायचा, लाकडं आणून टाकायचा, आणि त्या सकाळबद्दल अवाक्षर काढायचा नाही. एकदाच, जाता जाता उंबऱ्यावर थांबून म्हणाला, की अजून त्या वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. पारेवाले म्हणाले, जाऊ दे, चांगलंच आहे.

नोंदीचं काम वरच्या वस्तीतल्या शाळामास्तरणीकडं गेलं. दोन माणसं येऊन पेटी उचलून घेऊन गेली. पारेवाल्यांनी त्यांना पेटी उभी कशी धरायची, दार उत्तरेला कसं ठेवायचं, नळकांड्याखाली गवत कसं राखायचं हे सांगितलं. मास्तरीण स्वतः आली होती. तिनं विचारलं, आणखी काही लक्षात ठेवायचं का? ते म्हणाले, वाकलीस की श्वास रोखून धर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते नेहमीसारखे उठून घरामागं गेले. पेटीच्या पायांनी गवतात चार खड्डे ठेवले होते. बुटाच्या टोकानं एकेक खड्डा शोधत ते मधोमध जाऊन उभे राहिले. आभाळ निरभ्र असावं; गार हवा मानेवरून खाली उतरत होती. थोड्या वेळानं बायको आली आणि प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिला एका हातानं कोट घालता आला नव्हता, नुसताच खांद्यावर टाकला होता. पारेवाल्यांनी चाचपून त्याची बटणं लावली, खालून वर, एकही न चुकता.

"किती असेल हो आज?" तिनं विचारलं.

तीन, असं त्यांच्या तोंडात आलं होतं. फार तर अडीच. 

"वाचल्याशिवाय नाही सांगता येणार," ते म्हणाले.