तोंडातला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे हं! मी दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं लिहिणारा, खारीच्या केसांचा बारीक ब्रश. पण गंमत अशी की माझं अर्धं आयुष्य दातांतच गेलं.

एका कारागिराने केस निवडून, दोऱ्याने आवळून मला घडवलं. पेंटरकाकांनी दुकानात माझं टोक बोटावर फिरवून पाहिलं आणि मी त्यांचा झालो. अक्षरं लिहिण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. न्हाव्याचं दुकान, चाव्यांचं दुकान, दवाखाना, सगळीकडे आमच्याच पाट्या. 'येथे गाडी लावू नये' हे तर आम्ही कितीदा लिहिलं! "ही पाटी वाचायलाच लोक गाडी लावून थांबतात," असं काका म्हणायचे. लोक वळणदार अक्षरांचं कौतुक करायचे, आणि मी मनातल्या मनात फुगून जायचो.

काकांच्या हातात जाड ब्रश असला की मला ते दातांत धरायचे. तोंडात मी, तरी बडबड चालूच! "पाणी दे" म्हटलं तर "फाफी गे" असं काहीतरी ऐकू यायचं. काकू खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसायच्या, आमच्याकडे पाठ करून. त्या न वळताच म्हणायच्या, "अहो, आधी तोंडातलं ते काढा, मग बोला." मग काका मला बाहेर काढायचे आणि दोघंही हसायचे. त्यांच्या संसारातली ही रोजची गंमत होती. काकांचा हात बधिर होणं हेही रोजचंच. शिडीवर तासन्‌तास हात उंच धरला की त्याला मुंग्या यायच्या. तेल चोळून थोडा वेळ पडलं की हात पुन्हा कामाला लागायचा.

त्या सकाळी घरीच शाळेची पाटी रंगवायला घेतली होती. मी टर्पेंटाइनच्या डब्यात भिजत होतो. अचानक जाड ब्रश काकांच्या हातातून गळून पडला. ते त्याच्याकडे बघतच राहिले. उजव्या हाताने उचलायला गेले, तर हात हलेना. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. त्यांनी काकूंना हाक मारली, पण तोंडातून नुसतेच फुसफुसते आवाज आले.

"अहो, आधी तोंडातलं ते काढा, मग बोला," काकू म्हणाल्या. यंत्र चालूच होतं.

मित्रांनो, त्यांचं तोंड रिकामं होतं. हे ठाऊक असणारा मी एकटाच, आणि मी पडलो ब्रश! काकांनी डावा हात तोंडाशी नेला आणि ओठ चाचपले. खरंच आपल्या तोंडात मी आहे, असं त्यांना वाटलं असावं. ते मला शोधत होते.

मग ते भिंतीला धरत खाटेवर जाऊन पडले. काकू वळल्या तेव्हा ते डाव्या हाताने उजवा दंड चोळत होते, तोंड भिंतीकडे. "भरून आला ना हात? शिडीवर एवढा वेळ थांबू नका म्हटलं तर ऐकाल तर शपथ!" असं म्हणत काकूंनी त्यांच्या अंगावर चादर घातली. झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी यंत्रही बंद ठेवलं आणि हातानेच शिवत बसल्या. घरातली ती शांतता मला खायला उठली.

संध्याकाळी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचे दिवस भरत आले होते. तिने वाकून पाहिलं आणि किंचाळली, "आई, बाबांचं तोंड बघ!"

पुढचं मी पाहिलं नाही. काकू नंतर लेकीपाशी रडत बोलल्या, त्यातून कळलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "यांचं बोलणं कधीपासून असं झालंय?" काकू म्हणाल्या, "ते रोजच असं बोलतात हो." डॉक्टर चक्रावलेच. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात त्याच बाजूच्या हुकमतीत, आणि काकांचं बोलणंही. "लगेच आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं," ते म्हणाले. आता त्याची वेळ टळून गेली होती.

काका घरी आले. सगळ्या शब्दांतून एकच वाचला होता, "उद्या." पाटी कधी मिळेल असं विचारणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आयुष्यभर दिलेला शब्द! आता पाणी हवं तरी "उद्या", दुखलं तरी "उद्या".

महिन्याभरात नात झाली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताई सांगायच्या, "बाळाच्या मेंदूत पेशी असतात, पण त्यांना जोडणाऱ्या कितीतरी वाटा अजून पडायच्या असतात. बघून, पकडून, बडबडून त्या पडत जातात. काकांच्या वाटा तुटल्यात. नव्या पडतील, पण फार सावकाश." नात मूठ उघडायला शिकली, काकांची मूठ मिटलेलीच राहिली. ती "बा, बा" करू लागली की सारं घर गोळा व्हायचं. "काय म्हणते ग आमची राणी?" काका कोपऱ्यातून ते बघत बसायचे.

एकदा घरात कोणी नसताना काकू त्यांच्या पायाशी बसल्या. "माझ्यावर रागावलात का हो?" काकांनी जोरात नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने काकूंचा खांदा धरला, जिवाचा आटापिटा केला आणि म्हणाले, "उद्या... उद्या... उद्या." त्यांना काय सांगायचं होतं ते काकूंना कळलं नाही. मलाही कळलं नाही. दोघंही खूप रडले.

माझे केस आता कडक झाले आहेत. मला कोणी तेल लावत नाही, त्याचं दुःख नाही. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर चोळत बसू नका, झोपवू नका, तडक इस्पितळात न्या. आणि आपल्या माणसाचं बोलणं कळलं नाही, तर हातातलं काम ठेवून एकदा त्याच्या तोंडाकडे बघा.

काकू आता बघतात. काका नुसते खोकले तरी यंत्र थांबवून धावत येतात, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरतात आणि म्हणतात, "बोला ना, मी ऐकतेय."