पाठमोरी फुलं

उत्तरेला उघडणारी खिडकी.

पिठाच्या पिशवीत दोन उन्हाळे टांगून ठेवलेलं डेझीचं बी.

खुब्याचं हाड. मोडलेलं.

उकरलेल्या मातीवरून हाकलल्या जाणाऱ्या शेळ्या.

सगळं एकाच घरातलं. इकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, लीलीफोन्तेनच्या चढावर ड्रीकामावशीचं घर, शेजारी माझं.

मावशीसारखं बी लावणारं आमच्याकडे कुणी नाही. ताजं बी उगवत नाही, म्हणून ती ते जुनं होऊ देते. एप्रिलच्या पावसाआधी वाळूत मिसळून मूठ अशी झटकते, की दाणे कुठेच दाटीनं पडत नाहीत. मग वरून शेळ्या. खुरांनी बी दबतं तसं फळीनं दबत नाही.

ऑगस्टमध्ये वसंत येतो आणि तिचं परसू नारिंगी होतं. तिच्या नवऱ्यानं, कोबुसकाकांनी, ते कधी पाहिलंच नव्हतं. दर वसंतात ते कळपाबरोबर वरच्या कुरणात.

यंदा खुबा मोडून ते खाटेवर होते. म्हणून मावशीनं परसात काही टाकलं नाही. सगळं बी त्यांच्या उत्तरेच्या खिडकीसमोर टाकलं.

आणि तिथंच चुकली. ती, जिला सगळं ठाऊक.

इकडे सूर्य उत्तरेला, डेझीचं तोंड सूर्याकडे. परसू घरामागे, दक्षिणेला, म्हणून तिथली फुलं घराकडे बघायची. खिडकीपुढची फुलली ती पाठमोरी.

काकांनी उशीवरून पाहिलं. देठ, आणि पाकळ्यांच्या मळकट पाठी.

"जन्मभर शेळ्यांच्या मागून चाललो," ते म्हणाले. "आता फुलंसुद्धा ढुंगण दाखवतात."

मावशी हसली नाही. "उपटून फिरवून लावू का?" मी विचारलं.

"मरतील. यांना हलवलेलं चालत नाही."

"मग काकांना हलवू."

"मी इथंच आहे," काका म्हणाले. "ऐकू येतंय मला."

पूर्वेचा गरम वारा सुटला की दोन दिवसांत सगळं करपणार होतं. सकाळी मावशीनं दाराबाहेर बोट काढून हवा पाहिली आणि शेजारच्या पीटला हाक मारली.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "खाटेला चार जण लागले, की माणूस परत येत नाही."

"मग तिघंच उचलू."

"ड्रीके, गाव बघतंय."

"बघू दे. गावाला तोंडाकडूनच दिसतात फुलं. तुलाच दिसत नाहीत."

काकांनी पांघरूण बाजूला सारलं. आम्ही तो होकार समजलो.

खाट दारातून तिरकी काढावी लागली. ते कण्हले, मग कण्हल्याबद्दल पीटलाच शिव्या दिल्या. खाटेचा चौथा पाय मातीत ओढत, वाफ्याला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. मावशीनं खाट घराकडे तोंड करून ठेवायला लावली. ऊन काकांच्या पाठीवर.

बारा वाजत होते. मिटलेलं असं एकही फूल नव्हतं. भिंतीपर्यंत नारिंगी, आणि सगळं त्यांच्याकडे बघणारं.

ते मान उंचावून बघत राहिले. पीट तंबाखू काढायला गेला तर मावशीनं त्याचा हात दाबला.

"हे तू दरवर्षी करतेस?" काकांनी विचारलं.

"दरवर्षी."

"आणि मी तिकडे बोकडांची भांडणं सोडवत."

"जरा सरक," मावशी म्हणाली आणि त्यांच्या पायांशी खाटेवर बसली.

त्यांचं लग्न जानेवारीत, भर उन्हाळ्यात झालं होतं. तेव्हा लीलीफोन्तेनमध्ये एकही फूल नसतं.